विश्लेषण : ‘नायट्रो’ बग्गीच्या इंजिनात हम्फ्री डेव्ही यांचे काय काम?

रिमोटवर चालणारी ‘नायट्रो’ बग्गी घेतली की पहिल्या काही दिवसांतच एक सुटा भाग विकत आणावा लागतो. त्याचे नाव ग्लो प्लग. बोटाच्या पेराएवढा हा भाग, आणि त्याच्या तोंडाशी प्लॅटिनमच्या बारीक तारेचे वेटोळे. इंजिन सुरू करताना या तारेला बॅटरी लावतात. इंजिन धावू लागले की बॅटरी काढून घेतात, तरी तार लालच राहते. ज्योत नसतानाही प्लॅटिनमची तार वायूच्या मिश्रणात धगधगत राहते, हे सर हम्फ्री डेव्ही यांनी जानेवारी १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. तेव्हा ते कोळशाच्या खाणीतल्या मजुरांना अंधारात वाट दिसावी म्हणून धडपडत होते. शाळेच्या पुस्तकात सोडियम, पोटॅशियम आणि ‘सुरक्षा दीप’ एवढ्यावर आटोपणाऱ्या या शास्त्रज्ञाचे आयुष्य त्या तारेच्या निमित्ताने.

या इंजिनात ठिणगी कुठून येते?

ठिणगी येतच नाही. १:८ मापाच्या ऑफ-रोड बग्गीत साधारण साडेतीन घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन असते. दुकानात त्याला ‘पॉइंट ट्वेंटीवन’ म्हणतात, कारण घनइंचात ते ०.२१ भरते. मिनिटाला ३० हजारांहून जास्त फेरे घेणाऱ्या या इंजिनाला स्पार्क प्लग नाही, इग्निशन कॉइल नाही. इंधनात तीन गोष्टी असतात : मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचे तेल. यातल्या नायट्रोमिथेनवरून गाडीला ‘नायट्रो’ हे नाव पडले. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येते आणि ताकद वाढते.

सुरुवातीला साधारण दीड व्होल्टच्या इग्नायटरने तार तापवतात आणि दोरी ओढून इंजिन फिरवतात. पहिला स्फोट झाला की पुढचे काम तार स्वतःच करते. मिथेनॉलची वाफ आणि हवा प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर एकत्र येतात, तिथे संथपणे जळतात आणि त्या उष्णतेने तार लाल राहते. पिस्टन वर येऊन मिश्रण दाबले गेले की त्याच तारेवर ते पेट घेते. पेट्रोलच्या बाबतीत हे असे जमत नाही, म्हणून बग्गीच्या टाकीत पंपावरचे पेट्रोल ओतून चालत नाही.

हम्फ्री डेव्ही कोण होते?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये पेन्झान्स नावाचे बंदर आहे. तिथे १७ डिसेंबर १७७८ रोजी डेव्ही यांचा जन्म झाला. वडील लाकडावर कोरीव काम करत. १७९४ मध्ये ते कर्ज मागे ठेवून वारले, तेव्हा पाच भावंडांत थोरले असलेले हम्फ्री अवघे १५ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांना गावातल्या बोर्लेस नावाच्या शल्यवैद्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. औषधे कुटण्याच्या त्या नोकरीत त्यांनी लाव्हाझिए यांचे रसायनशास्त्र वाचून काढले. विद्यापीठाची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधीच चढले नाहीत.

कॉर्नवॉल हा कथील आणि तांब्याच्या खाणींचा मुलूख. खाणीतले पाणी उपसण्यासाठी जेम्स वॉट यांची वाफेची यंत्रे तिथे बसवलेली होती. वॉट यांचा मुलगा ग्रेगरी हवापालटासाठी पेन्झान्सला आला, तो डेव्ही यांच्या आईच्या घरी भाड्याने राहिला. अशा ओळखींतून डेव्ही यांचे नाव ब्रिस्टलच्या डॉ. थॉमस बेडोज यांच्यापर्यंत पोहोचले. निरनिराळे वायू हुंगवून क्षयरोग्यांवर उपचार करता येतील, या आशेने बेडोज एक संस्था काढत होते. ऑक्टोबर १७९८ मध्ये, विशी पूर्ण होण्याआधीच, डेव्ही तिथे प्रयोगांचे प्रमुख झाले.

तिथले प्रयोग आज कोणतीही समिती मंजूर करणार नाही. डेव्ही वायू तयार करत आणि स्वतःच हुंगत. नायट्रस ऑक्साइड म्हणजे ‘हसवणारा वायू’ त्यांनी भरपूर घेतला, कवी कोलरिज आणि सदी या मित्रांनाही दिला. कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू हुंगताना तर ते मरता मरता वाचले. (चित्रपटांत शर्यतीच्या मोटारीत बटण दाबून सोडतात तो वायू म्हणजे हाच नायट्रस ऑक्साइड. बग्गीतले नायट्रोमिथेन हे वेगळे रसायन आणि ते द्रव असते. दोन्हींना ‘नायट्रो’ म्हणत असल्याने गल्लत होते.) हा वायू वेदना घालवतो, त्यामुळे शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असे डेव्ही यांनी १८०० सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले. त्याकडे त्यांनी स्वतः वळून पाहिले नाही आणि इतर कोणीही पाहिले नाही. दात काढताना हा वायू वापरला जायला १८४४ साल उजाडले. मधल्या चार दशकांत किती माणसांचे हातपाय शुद्धीवर असताना कापले गेले असतील, याचा विचार मन अस्वस्थ करतो.

लंडनमध्ये काय घडले?

१८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. बोलणे ओघवते, रूप देखणे आणि प्रयोग डोळे दिपवणारे. व्याख्यानांना एवढी गर्दी होई की अल्बेमार्ल स्ट्रीटवर घोडागाड्यांची कोंडी व्हायची. तो रस्ता पुढे एकेरी करावा लागला आणि लंडनमधला पहिला एकेरी रस्ता म्हणून तो ओळखला जातो. व्याख्यानांच्या तिकिटांवर संस्था तगली आणि तळघरातल्या प्रयोगशाळेत डेव्ही यांना हवे ते करता आले.

व्होल्टा यांची बॅटरी तेव्हा नवीन होती. ऑक्टोबर १८०७ मध्ये डेव्ही यांनी वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम वेगळे केले आणि काही दिवसांतच सोडियम. पुढच्या वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम. १८१० मध्ये त्यांनी क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवून त्याला नाव दिले. एप्रिल १८१२ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली आणि तीन दिवसांनी जेन अप्रीस या श्रीमंत विधवेशी विवाह झाला. लाकूड कोरणाऱ्याचा मुलगा उमरावांच्या पंगतीत बसला. पंगतीत बसण्याची ही हौस त्यांना पुढे महागात पडली.

त्याच वर्षी नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटात डेव्ही यांच्या डोळ्याला इजा झाली आणि लिहिण्यासाठी मदतनीस हवा झाला. बुकबाइंडरकडे काम शिकणाऱ्या एका तरुणाने डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांची टिपणे बांधून त्यांच्याकडे पाठवली होती. मार्च १८१३ मध्ये तो तरुण प्रयोगशाळेत रुजू झाला. तो मायकेल फॅरेडे. ऑक्टोबरमध्ये डेव्ही दाम्पत्य युद्ध चालू असतानाही नेपोलियनच्या परवान्याने फ्रान्सला निघाले, फॅरेडे बरोबर. फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने सूर्याची किरणे एकवटून त्यांनी हिरा जाळला आणि हिरा म्हणजे कार्बनच हे दाखवले. फॅरेडे यांना मात्र या प्रवासात लेडी डेव्ही नोकरासारखे वागवत.

खाणीतल्या दिव्याचा प्रश्न काय होता?

२५ मे १८१२ रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडील फेलिंग कोळसाखाणीत स्फोट झाला. ९२ माणसे मेली, त्यांत अनेक लहान मुले होती. कोळशाच्या थरांतून झिरपणारा वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेत ठरावीक प्रमाणात मिसळला की उघड्या दिव्याने भडकतो. खाणकामगारांना दिव्याशिवाय काम अशक्य आणि दिव्यासह मरण ठरलेले. या अपघातानंतर तिथल्या काही पाद्री, डॉक्टर आणि खाणमालकांनी सुरक्षेसाठी एक मंडळ काढले. डेव्ही युरोपातून परतल्यावर त्यांना गळ घातली गेली. ऑगस्ट १८१५ मध्ये ते न्यूकॅसल परिसरात गेले, खाणींच्या जाणकारांशी बोलले आणि खाणीतल्या वायूच्या बाटल्या लंडनला मागवून घेतल्या.

काही आठवड्यांत त्यांना एक गोष्ट दिसली. धातूच्या अरुंद नळीतून स्फोटाची ज्योत पलीकडे जात नाही, कारण धातू तिची उष्णता ओढून घेतो आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापत नाही. नळ्या आखूड आखूड करत ते तारेच्या जाळीपर्यंत आले. जाळी म्हणजे अतिशय आखूड नळ्यांचा समूहच. इंचाला २८ तारा, म्हणजे चौरस इंचाला ७८४ छिद्रे, अशी जाळी दिव्याभोवती गुंडाळली की आत वायू जळतो, बाहेर भडका उडत नाही. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्न खाणीत हा दिवा प्रत्यक्ष वापरून पाहिला गेला.

दिव्याचे पेटंट घ्यायला डेव्ही यांनी नकार दिला. त्यातून मोठी कमाई झाली असती, पण तो कोणीही बनवावा अशी त्यांची भूमिका होती. इथपर्यंतची गोष्ट मोठ्या मनाची आहे. पुढची तशी नाही. किलिंगवर्थ खाणीतले यंत्रकामगार जॉर्ज स्टीफनसन यांनी, म्हणजे पुढे रेल्वेसाठी गाजलेल्या त्याच गृहस्थांनी, जवळपास त्याच सुमारास स्वतंत्रपणे आपला दिवा बनवला होता. संडरलँडचे डॉ. क्लॅनी यांचा दिवा तर त्याआधीचा. खाणमालकांनी डेव्ही यांना २,५०० पौंड किमतीची चांदीची भांडी भेट दिली. स्टीफनसन यांच्या पाठीराख्यांनी वेगळी वर्गणी काढून त्यांना १,००० पौंड दिले. शिक्षण न झालेला खाणीवरचा माणूस स्वतःच्या डोक्याने अशा दिव्यापर्यंत पोहोचू शकतो, हे डेव्ही यांनी शेवटपर्यंत मानले नाही. स्वतः औषधे कुटण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाने असे वागावे, हे पटत नाही.

प्लॅटिनमची तार दिव्यात कशी आली?

जाळीने स्फोट थांबला तरी एक अडचण उरली. वायू फार वाढला की दिवा विझतो आणि माणूस काळोखात चाचपडतो. यावर काम करताना डेव्ही यांनी दिव्यात ज्योतीच्या वर प्लॅटिनमची बारीक तार टांगली आणि आत कोळशाचा वायू वाढवत नेला. ज्योत विझली. तार मात्र लालबुंद राहिली, आणि तीही बराच वेळ. खोली अंधारी करून पाहिले, तरी ज्योतीचा मागमूस नव्हता. वायू जळत होता, पण तो फक्त तारेच्या अंगावर.

मग त्यांनी इथरची वाफ, अल्कोहोलची वाफ असे एकेक करून पाहिले. तार गरम करून त्या वाफेत धरली की ती धगधगू लागे. धातूही बदलले. प्लॅटिनम आणि पॅलेडियम चालले. तांबे, चांदी, लोखंड, सोने, जस्त यांपैकी एकही चालला नाही. प्लॅटिनम उष्णता कमी वाहून नेते म्हणून असे होत असावे, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ते अपुरे होते. खरे कारण धातूच्या पृष्ठभागात आहे. तिथे रेणू येऊन चिकटतात आणि एरवी ज्या तापमानाला जळले नसते, त्या तापमानाला जळतात. स्वतः न संपता क्रिया घडवणाऱ्या पदार्थाच्या या गुणाला ‘कॅटॅलिसिस’, आपल्याकडे उत्प्रेरण, हे नाव १८३५ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियस यांनी दिले.

डेव्ही यांना नावाची घाई नव्हती, दिव्याची होती. जाळीच्या आत प्लॅटिनमचे वेटोळे टांगले की ज्योत विझल्यावरही त्याच्या लाल उजेडात खाणकामगाराला बाहेरची वाट धरता येईल आणि बऱ्या हवेत आल्यावर तीच तार दिवा पुन्हा पेटवेल, अशी योजना त्यांनी मांडली. तारेचे टोक जाळीबाहेर येता कामा नये, अन्यथा बाहेरचा वायू पेटेल, असेही बजावले. बग्गीच्या सिलिंडरमध्ये आज नेमके हेच घडवून आणायचे असते.

दिव्याने मृत्यू कमी झाले का?

इथे आकडे बुचकळ्यात टाकतात. खाणअपघातांची चौकशी करणाऱ्या १८३५ च्या ब्रिटिश संसदीय समितीपुढे आलेल्या हिशेबानुसार डरहॅम आणि नॉर्थम्बरलँड या दोन परगण्यांत दिवा येण्याआधीच्या १८ वर्षांत ४४७ माणसे मेली होती, नंतरच्या १८ वर्षांत ५३८. कारण उघड होते. वायूच्या भीतीने सोडून दिलेले थर मालकांनी दिव्याच्या भरवशावर पुन्हा खणायला घेतले. खाणी खोल गेल्या, कोळसा आणि मजूर दोन्ही वाढले, हवा खेळती ठेवण्यावरचा खर्च मात्र त्या मानाने वाढला नाही. जाळीला भोक पडले किंवा हवेचा जोराचा झोत आला तर ज्योत बाहेर येऊ शके. शिवाय दिव्याचा उजेड इतका मंद की मजूर जाळी काढून काम करत. दोष सगळा दिव्याचा नाही, पण दिवा दिला म्हणजे प्रश्न मिटला असे मानणाऱ्यांना त्याने आयती सबब दिली.

शेवटची वर्षे कशी गेली?

१८१८ मध्ये डेव्ही बॅरोनेट झाले, १८२० मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष. अध्यक्षपद त्यांना झेपले नाही. आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्याने झिजू नये म्हणून त्यांनी त्याला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडायला सांगितले. पत्रा खरोखर झिजेना. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषाने दूर राहणारे शिंपले आणि शेवाळ आता तळाला चिकटू लागले, जहाजे मंदावली आणि डेव्ही यांचे हसे झाले. गंमत अशी की झिजणारा धातू जोडून दुसरा वाचवण्याची हीच पद्धत आज पोलादी जहाजांवर सर्रास वापरली जाते. १८२४ मध्ये फॅरेडे यांना सोसायटीचे सदस्यत्व देण्याला डेव्ही यांनी विरोध केला. फॅरेडे तरीही निवडून आले.

१८२६ च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी त्यांनी अध्यक्षपद सोडले. नंतरचा काळ युरोपात भटकण्यात, मासेमारीत आणि लिहिण्यात गेला. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५० वर्षांचे होते. दफनही तिथेच झाले. खाणमालकांनी दिलेली चांदी त्यांचे भाऊ जॉन यांच्यामार्फत रॉयल सोसायटीकडे आली. तिच्या विक्रीच्या पैशातून ‘डेव्ही पदक’ सुरू झाले. पहिले पदक १८७७ मध्ये बुन्सेन आणि किर्चहॉफ यांना मिळाले.

खाणीतून ही तार खेळण्यात कधी आली?

मधली सव्वाशे वर्षे ती शोभेच्या दिव्यांत आणि पेटवण्यांत फिरत राहिली. १८२३ मध्ये जर्मनीत डोबराइनर यांनी प्लॅटिनमवर हायड्रोजन सोडून पेटणारा दिवा केला आणि तो घरोघरी विकला गेला. मॉडेल विमानांच्या इंजिनांना मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पार्क प्लग, कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी असा सारा संसार वाहावा लागे. १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डेन यांनी मॉडेल इंजिनांसाठी ग्लो प्लग बाजारात आणला आणि तो संसार उतरला. जमिनीवर धावणाऱ्या नायट्रो गाड्या त्यानंतरच्या.

मग बग्गी घेताना आणि सुधारताना काय पाहावे?

नवखे लोक आधी चमकदार ॲल्युमिनियमचे भाग आणि नवा पाइप घेतात. पैसे आधी तारेवर, हवेवर आणि इंधनावर घालावेत. इंजिनाच्या हेडला साधा प्लग बसतो की टर्बो, हे पुस्तिकेत पाहावे, कारण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. प्लग ‘हॉट’ ते ‘कोल्ड’ अशा क्रमाने मिळतात. फरक मुख्यतः तारेच्या जाडीचा. बारीक तार उष्णता धरून ठेवते, जाड तार ती लवकर सोडते. इंधनात नायट्रोमिथेन जास्त असेल किंवा उन्हाळा असेल तर कोल्ड प्लग. नायट्रो कमी आणि हवा थंड असेल तर हॉट. नायट्रोचे प्रमाण वाढवून प्लग तोच ठेवला तर मिश्रण वेळेआधी पेट घेते आणि तार तुटते.

तेल लावलेला फोमचा एअर फिल्टर प्रत्येक वेळी स्वच्छ हवा, कारण धुळीच्या मैदानात इंजिन मारते ती धूळच. नवे इंजिन पहिल्या काही टाक्या इंधन जास्त सोडून, धूर काढत, हळू चालवावे. दुसरी खरेदी फेलसेफची. रिमोटचा सिग्नल तुटला तर थ्रॉटल बंद करून ब्रेक लावणारी ही सोय अनेक रिसीव्हरमध्ये असतेच, पण ती चालू आहे का हे चाके उचलून, रिमोट बंद करून तपासावे. चार किलोच्या आसपासची गाडी ताशी ६० किलोमीटरने कोणाच्या पायावर गेली तर हाड मोडते. मिथेनॉल विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात जाते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. इंधन भरताना जवळ कोणी सिगारेट ओढू नये.

दिवस संपल्यावर प्लग काढून तारेकडे पाहावे. ती चकचकीत असेल तर ट्यूनिंग ठीक. पांढुरकी, खरखरीत किंवा वाकलेली असेल तर इंजिनाला इंधन कमी पडते आहे. नवा प्लग लावण्याआधी कार्ब्युरेटरची सुई थोडी उघडावी, नाहीतर तोही तसाच जळेल.